व्हिल्नियसमधली एक पाटी: लिथुएनिया, तैवान आणि चीन यांच्यात नेमकं काय घडलं

डिसेंबर २०२१ च्या सुरुवातीला लिथुएनियातल्या काही निर्यातदारांना चीनमधून एक चमत्कारिक निरोप आला. माल बंदरात पोचलाय, कागदपत्रं व्यवस्थित आहेत, गिऱ्हाईकही तयार आहे. पण तिथला क्लिअरिंग एजंट कस्टम्सच्या संगणकावर अर्ज भरायला बसला की 'मालाचा मूळ देश' या रकान्याशी अडतोय. या रकान्यात यादीतून देश निवडायचा असतो, आणि यादीत लिथुएनियाचं नावच राहिलेलं नव्हतं. मूळ देश भरल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही, अर्ज सरकला नाही तर कंटेनर सुटत नाही, आणि अडकलेल्या कंटेनरवर डेमरेज, म्हणजे उशिराचा दंड, रोजच्या रोज चढत राहतं.

चीननं बंदीचा हुकूम काढला नव्हता. लिथुएनियाचा माल घेऊ नका असं सांगणारं सरसकट परिपत्रकही कुणाच्या हाती लागलं नाही. काही दिवसांनी यादीत नाव परत दिसू लागलं, तरी अर्ज नामंजूर होतच राहिले. बीजिंगचं म्हणणं एवढंच की आम्ही काही केलेलं नाही, कंपन्यांना लिथुएनियाशी धंदा नको असेल तर तो त्यांचा प्रश्न.

या सगळ्याच्या मुळाशी होती राजधानी व्हिल्नियसमधल्या एका कार्यालयाची पाटी. त्या कार्यालयाच्या नावात 'तैवान' हा शब्द होता. एवढ्याशा गोष्टीवरून जगातली दुसऱ्या क्रमांकाची अर्थव्यवस्था एका लहान देशाचा माल का अडवते, तो लहान देश असं पाऊल का उचलतो, आणि त्यात जर्मनीतल्या मोटारीच्या सुट्या भागांचा संबंध कुठून येतो, हे समजून घेण्यासारखं आहे. देशादेशांमधलं आर्थिक दडपण कसं काम करतं, हे या प्रकरणात फार स्पष्ट दिसतं.

आधी देशाची ओळख. लिथुएनिया बाल्टिक समुद्राच्या काठी आहे. लोकसंख्या २८ लाखांच्या आसपास, क्षेत्रफळ सुमारे ६५ हजार चौरस किलोमीटर. एका बाजूला बेलारूस, दुसऱ्या बाजूला रशियाचा कालिनिनग्राद हा मुख्य भूमीपासून तुटलेला तुकडा. २००४ मध्ये हा देश युरोपियन संघात आणि नाटोत गेला, २०१५ मध्ये त्यानं युरो स्वीकारला. लाकूड, फर्निचर, गहू, दूध, रसायनं ही त्याची निर्यात. त्याशिवाय लेझर, त्याबद्दल पुढे.

पाटीवर काय लिहायचं, याचा जगभरचा अलिखित नियम

चीनशी राजनैतिक संबंध ठेवायचे तर बीजिंगची एक अट पाळावी लागते: चीन एकच आहे आणि त्याचं सरकार बीजिंगमध्ये आहे. तैवानचं वेगळं सरकार, वेगळं सैन्य, वेगळं चलन आणि वेगळ्या निवडणुका आहेत, पण त्याला देश म्हणून अधिकृत मान्यता देणारी राष्ट्रं आता डझनभरच उरली आहेत. युरोपात तर एकटं व्हॅटिकन.

तरीही तैवानशी व्यवहार सगळ्यांनाच हवा असतो. जगातल्या सर्वांत प्रगत चिप्सपैकी बहुतांश त्या बेटावर बनतात. म्हणून एक वाट काढली गेली. वकिलातीऐवजी 'आर्थिक आणि सांस्कृतिक' कार्यालय उघडायचं आणि त्याला तैवानचं नाव न देता तिथल्या राजधानीचं, म्हणजे तैपेईचं नाव द्यायचं. व्हिसा, व्यापार, विद्यार्थी ही सगळी कामं तिथून होतात. फक्त दारावर देशाचं नाव नसतं. आपल्याकडेही हेच चालतं. तैपेईत भारताचं कार्यालय १९९५ पासून आहे, त्याचं नाव 'इंडिया-तैपेई असोसिएशन'. ऑक्टोबर २०२४ मध्ये दिल्ली आणि चेन्नईपाठोपाठ मुंबईत तैवाननं आपलं तिसरं कार्यालय उघडलं, तेही 'तैपेई इकॉनॉमिक अँड कल्चरल सेंटर' या नावानं. तेवढ्यावरही चीननं निषेध नोंदवलाच.

लिथुएनियानं मात्र ही वाट सोडली. २० जुलै २०२१ रोजी तैवानचे परराष्ट्रमंत्री जोसेफ वू यांनी जाहीर केलं की व्हिल्नियसमध्ये 'तैवानी प्रतिनिधी कार्यालय' उघडणार. इंग्रजीत आणि लिथुएनियनमध्ये 'तैवानी लोकांचं' असा अर्थ निघेल अशी शब्दरचना होती, चिनी भाषेत मात्र सरळ 'तैवान'. लिथुएनियाचं म्हणणं असं की आम्ही एक-चीन धोरण सोडलेलं नाही, तैवानला देश म्हणून मान्यता दिलेली नाही, हे व्यापार आणि संस्कृतीचं कार्यालय आहे. बीजिंगला ते पटणं शक्यच नव्हतं. त्यांची भीतीही समजून घ्यायला हवी. युरोपातल्या एका राजधानीत हे नाव रूढ झालं की उद्या प्राग विचारेल, परवा आणखी कुणी विचारेल, आणि पन्नास वर्षं जपलेली भाषा हळूहळू बदलत जाईल. लिथुएनियाची बाजारपेठ चीनच्या दृष्टीनं नगण्य होती. म्हणूनच त्याला शिक्षा करणं स्वस्त होतं, आणि ती बाकीच्यांना दिसली पाहिजे ही त्यामागची गरज होती.

लिथुएनियाला हे का करावंसं वाटलं

अमेरिकेला खूश करण्यासाठी केलं, असं एका वाक्यात उत्तर देणारे पुष्कळ आहेत. त्यात तथ्य आहे, पण तेवढ्यावर थांबलं तर अर्धंच कळतं.

१९४० मध्ये सोव्हिएत संघानं लिथुएनिया, लाटव्हिया आणि एस्टोनिया गिळले. २३ जुलै १९४० रोजी अमेरिकेनं जाहीर केलं की हे आम्हाला मान्य नाही. पुढची पन्नास वर्षं जगाच्या नकाशावर लिथुएनिया नव्हता, पण वॉशिंग्टनमधली त्याची वकिलात चालू होती. देश नसलेल्या देशाचे मुत्सद्दी तिथे बसत होते, कागदपत्रांवर सह्या करत होते, दारावरची पाटी टिकवून होते. एखाद्या कार्यालयाच्या पाटीची किंमत काय असते, हे या देशाला अनुभवानं माहीत आहे.

११ मार्च १९९० रोजी लिथुएनियानं स्वातंत्र्य जाहीर केलं. सोव्हिएत गणराज्यांमध्ये तो पहिला. मॉस्कोनं उत्तर दिलं ते आर्थिक नाकेबंदीनं: तेल बंद, गॅसपुरवठाही मोठ्या प्रमाणात घटवला. १३ जानेवारी १९९१ च्या रात्री व्हिल्नियसच्या टीव्ही टॉवरपाशी रणगाडे आले आणि १४ निःशस्त्र माणसं मारली गेली. मोठे देश मान्यता द्यायला कचरत होते, सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह यांना दुखवायचं नव्हतं. फेब्रुवारी १९९१ मध्ये पुढे आला तो आइसलँड, तीन लाखांहून कमी लोकसंख्येचा. व्हिल्नियसमध्ये आजही आइसलँडच्या नावाचा रस्ता आहे.

त्या नाकेबंदीच्या काळात लिथुएनियाचं नेतृत्व करत होते व्हिताउतास लँड्सबर्गिस. २०२१ मध्ये परराष्ट्रमंत्री होते गॅब्रिएलियस लँड्सबर्गिस, त्यांचे नातू. लहान देशानं लहान देशाची बाजू घ्यायची असते, ही या घरातच वाढलेली समजूत आहे. २०२० च्या निवडणुकीनंतर पंतप्रधान इंग्रिडा शिमोनिटे यांच्या आघाडी सरकारनं बेलारूसपासून तैवानपर्यंत स्वातंत्र्यासाठी झगडणाऱ्यांच्या बाजूनं उभं राहण्याचं वचन लेखी करारातच घातलं होतं.

चीनबद्दलचा अपेक्षाभंगही होताच. २०१२ मध्ये चीननं मध्य आणि पूर्व युरोपातल्या १६ देशांबरोबर एक मंच सुरू केला, ग्रीस आल्यावर ते १७ झाले. गुंतवणूक येईल, चिनी बाजार उघडेल अशी आशा होती. लिथुएनियाच्या पदरात फारसं काही पडलं नाही. २०२० मध्ये त्याची चीनला होणारी निर्यात जेमतेम ३० कोटी युरोच्या घरात होती, एकूण निर्यातीच्या सुमारे १ टक्का. आयात मात्र त्याच्या तिपटीहून जास्त. मे २०२१ मध्ये लिथुएनिया त्या मंचातून बाहेर पडला. त्याच महिन्यात तिथल्या संसदेनं चीनच्या शिनजियांग प्रांतातल्या उइगर मुस्लिमांवरच्या अत्याचारांना वंशसंहार म्हणणारा ठराव केला.

आणि अर्थात सुरक्षा. रशिया शेजारी असलेल्या देशाला अमेरिकेचे सैनिक हवे असतात. वॉशिंग्टनला चीनच्या बाबतीत साथ हवी आहे, ती आपण दिली तर आपल्या सीमेची काळजी त्यांना जास्त वाटेल, हा विचार व्हिल्नियसमध्ये उघडपणे केला जात होता. मला यात लपवण्यासारखं काही वाटत नाही. तत्त्व आणि स्वार्थ एका दिशेला असले की सरकारं धाडसी होतात, आणि इथे ते एका दिशेला होते.

१ टक्क्याचा हिशोब कुठे चुकला

पुढचा घटनाक्रम भराभर झाला. १० ऑगस्ट २०२१ रोजी चीननं व्हिल्नियसमधला आपला राजदूत परत बोलावला आणि बीजिंगमधल्या लिथुएनियाच्या राजदूत डायना मिकेविचिएने यांना परत न्या असं सांगितलं. १८ नोव्हेंबरला तैवानचं कार्यालय उघडलं. तीन दिवसांनी चीननं संबंधांचा दर्जा राजदूतावरून प्रभारी दूतावर आणला. डिसेंबरमध्ये बीजिंगमधल्या लिथुएनियन मुत्सद्द्यांना ओळखपत्रं जमा करायला सांगितली गेली, नवी ओळखपत्रं खालच्या दर्जाची मिळणार होती. आपलं राजनैतिक संरक्षण टिकेल की नाही याची खात्री न उरल्यानं उरलेले मुत्सद्दी कुटुंबांसह १५ डिसेंबरला देश सोडून निघाले.

व्हिल्नियसच्या सरकारचा अंदाज होता की चीन रागावेल, पण करून करून काय करेल? १ टक्का निर्यात बंद झाली तरी देश बुडत नाही. हा हिशोब आकड्यांत बरोबर होता. युरोपियन संघानं पुढे दिलेल्या आकडेवारीनुसार डिसेंबर २०२१ मध्ये लिथुएनियाची चीनला होणारी निर्यात आदल्या वर्षीच्या डिसेंबरपेक्षा ९१ टक्क्यांनी घसरली. तरी अर्थव्यवस्था कोसळली नाही.

खरा फटका दुसऱ्या दारानं आला. लिथुएनियाचा कितीतरी माल 'लिथुएनियाचा माल' म्हणून चीनला जातच नव्हता. काउनास शहराजवळ कॉन्टिनेंटल आणि हेला या जर्मन कंपन्यांचे मोटारींच्या इलेक्ट्रॉनिक भागांचे कारखाने आहेत. तिथे तयार झालेला भाग जर्मनीला जातो, एखाद्या मोठ्या जोडणीत बसतो, आणि ती जोडणी जर्मन माल म्हणून चीनच्या मोटार कारखान्यात पोचते. डिसेंबर २०२१ मध्ये रॉयटर्सनं बातमी दिली की चीननं कॉन्टिनेंटलला लिथुएनियात बनलेले भाग वापरणं थांबवा असं सांगितलंय. कंपनीनं त्यावर बोलायला नकार दिला, चीननं इन्कार केला. पण धसका बसायचा तो बसलाच. मालात लिथुएनियाचा एक स्क्रू जरी असला तरी कंटेनर अडकेल, असं वाटू लागल्यावर युरोपातल्या खरेदी विभागांनी काय केलं असेल हे सांगायला नको. चीनचं वजन व्हिल्नियसवर पडत होतं ते जर्मन कंपन्यांच्या चीनमधल्या धंद्याच्या मार्फत. जानेवारी २०२२ मध्ये जर्मन-बाल्टिक चेंबर ऑफ कॉमर्सनं लिथुएनियाच्या सरकारला पत्र लिहिलं: चीनशी काही मार्ग काढा, नाहीतर इथले जर्मन गुंतवणुकीचे काही कारखाने बंद करायची वेळ येऊ शकते.

इथे युरोपियन संघाची रचना थोडी समजून घ्यावी लागते, कारण सगळी मेख तिथेच आहे. संघातल्या सत्तावीस देशांचं व्यापारधोरण एकच आहे. आयातकर, व्यापार करार, जागतिक व्यापार संघटनेतले खटले हे सगळं ब्रसेल्स, म्हणजे संघाचं मुख्यालय, ठरवतं. लिथुएनियाला चीनशी किंवा भारताशी स्वतंत्र व्यापार करार करताच येत नाही. परराष्ट्र धोरण मात्र मोठ्या प्रमाणात ज्याचं त्याच्याकडे आहे. कुणाचं कार्यालय कोणत्या नावानं उघडायचं हा निर्णय व्हिल्नियस एकटं घेऊ शकतं. म्हणजे निर्णय एकाचा, आणि त्याचा व्यापारी परिणाम सत्तावीस जणांच्या सामायिक बाजारावर. चीननं घाव घातला तो बरोबर या सांध्यावर. एकाला उरलेल्या सव्वीस जणांपासून वेगळं पाडायचं आणि बाकीच्यांकडूनच त्याला सांगायला लावायचं की बाबा रे, जरा नमतं घे.

माझ्या मते लिथुएनियाची चूक इथे झाली, आणि ती तत्त्वाची नव्हती, तयारीची होती. बर्लिनला आणि ब्रसेल्सला आधी विश्वासात घेऊन, दडपण आल्यावर कोण काय करणार हे ठरवून मग पाटी लावली असती तर तेच पाऊल जास्त भक्कम पडलं असतं. घरातही एकमत नव्हतं. जानेवारी २०२२ मध्ये राष्ट्राध्यक्ष गितानास नौसेदा यांनी उघडपणे म्हटलं की कार्यालय उघडणं चूक नव्हतं, त्याचं नाव ही चूक होती, आणि नावाबद्दल आपल्याला विचारलं गेलं नाही. बीजिंगला याहून सोयीचं विधान मिळालं नसतं.

मदतीला कोण आलं

सगळ्यांत आधी तैवान. चीनकडे निघालेली लिथुएनियन रमची खेप अडणार असं दिसताच तैवानच्या सरकारी मद्य कंपनीनं ती पूर्ण विकत घेतली: २०,४०० बाटल्या. तैवानमधल्या सरकारी खात्यांनी समाजमाध्यमांवर रमच्या पाककृती टाकल्या, आणि बाटल्या दुकानात आल्यावर हातोहात खपल्या. रकमेनं ही गोष्ट लहान होती, पण दोन्हीकडच्या माणसांच्या लक्षात राहिली ती हीच. काही महिन्यांपूर्वी, करोनाची लस मिळवण्यासाठी तैवान धडपडत असताना लिथुएनियानं त्यांना लस पाठवली होती, त्याची ही परतफेड होती.

जानेवारी २०२२ मध्ये तैवाननं लिथुएनिया आणि आसपासच्या देशांसाठी २० कोटी डॉलर्सचा गुंतवणूक निधी आणि १ अब्ज डॉलर्सचा कर्जनिधी जाहीर केला. त्यातली पहिली लिथुएनियन गुंतवणूक गेली लिटिलिट या लेझर कंपनीत. हा योगायोग नाही. लिथुएनियात लेझरवर १९६० च्या दशकापासून काम चालू आहे. अतिसूक्ष्म काळाच्या, पण प्रचंड ताकदीच्या प्रकाशलहरी तयार करण्याची एक महत्त्वाची पद्धत १९९२ मध्ये व्हिल्नियस विद्यापीठात पहिल्यांदा दाखवली गेली, आणि आज जगातल्या मोठमोठ्या लेझर प्रयोगशाळा ती वापरतात. असे लेझर काच, सिलिकॉन आणि धातू सूक्ष्म पातळीवर कापायला लागतात. चिप्स बनवणाऱ्या तैवानला त्यात रस असणं स्वाभाविक होतं. गंमत अशी की चीनलाही होता. लिथुएनियाच्या लेझर कंपन्यांचं तो एक महत्त्वाचं गिऱ्हाईक होता.

व्हिल्नियसमधल्या लोकांची खरी आशा चिप कारखान्याची होती. ती फळली नाही. तैवानच्या टीएसएमसी कंपनीनं २०२३ मध्ये युरोपातल्या आपल्या पहिल्या कारखान्यासाठी जागा निवडली ती जर्मनीतल्या ड्रेस्डेनची. चिप कारखान्याला प्रचंड वीज, पाणी, कुशल माणसं आणि शेजारी मोठी गिऱ्हाइकं लागतात. कृतज्ञतेपोटी तो उभारता येत नाही. ज्यांनी लोकांना तशी आशा दाखवली, त्यांनी हे आधीच सांगायला हवं होतं.

अमेरिकेच्या निर्यात-आयात बँकेनं ६० कोटी डॉलर्सच्या कर्जाची तयारी दाखवली. आणि युरोपियन संघ, थोडा उशिरा का होईना, उभा राहिला. २७ जानेवारी २०२२ रोजी त्यानं जागतिक व्यापार संघटनेत चीनविरुद्ध तक्रार दाखल केली. अडचण पुराव्याची होती. हुकूम कागदावर नाही, यादीतून नाव गायब झालं आणि परत आलं, आणि ज्या कंपन्यांना फटका बसला त्यांना चीनमध्ये धंदा करायचाच असल्यानं साक्ष द्यायला कुणी उत्सुक नाही. वर्षभरानं निवाडा समिती नेमली गेली. जानेवारी २०२४ मध्ये संघानं स्वतःच काम स्थगित करायला सांगितलं. बारा महिन्यांत ते पुन्हा सुरू केलं नाही तर समितीचा अधिकार संपतो, असा नियम आहे. तसंच झालं. निकाल लागलाच नाही. व्यापार तोवर काही प्रमाणात पुन्हा सुरू झाला होता, हेही खरं.

त्यापेक्षा टिकाऊ फळ दुसरं निघालं. आर्थिक दडपणाला तोंड देण्यासाठी युरोपियन संघानं नवा कायदा केला, तो २७ डिसेंबर २०२३ पासून लागू झाला. एखाद्या सदस्य देशावर त्याचा निर्णय बदलण्यासाठी बाहेरच्या देशानं व्यापारी दडपण आणलं, तर संपूर्ण संघ उलट उपाय करू शकतो: आयातकर, सरकारी कंत्राटांतून वगळणं, गुंतवणुकीवर बंधनं. वर सांगितलेला सांधा बुजवायचा हा प्रयत्न आहे. पहिल्या दोन वर्षांत तो एकदाही वापरला गेला नाही. त्याचा धाक किती, हे त्यामुळे अजून ठरायचं आहे.

भारतापर्यंत पोचलेला धागा

लिथुएनियाच्या सरकारची त्या डिसेंबरमध्ये आणखी एका बाजूनं कोंडी झाली होती, आणि तिचा संबंध थेट आपल्या शेतीशी आहे. लिथुएनियाच्या क्लायपेदा बंदरातून शेजारच्या बेलारूसचं पोटॅश जगभर जायचं. बंदराच्या मालाचा जवळपास चौथा हिस्सा तोच होता. भारताला लागणारं पोटॅश आपण आयातच करतो, आणि बेलारूस हा आपला एक मोठा पुरवठादार होता. बेलारूसच्या सरकारी पोटॅश कंपनीवर अमेरिकेनं घातलेले निर्बंध ८ डिसेंबर २०२१ पासून पूर्ण लागू झाले, तरी लिथुएनियाच्या रेल्वेवरून गाड्या जातच होत्या, कारण बेलारूसनं भाड्याचे पैसे आगाऊ भरलेले होते. स्वातंत्र्याच्या गोष्टी करणारं सरकार बेलारूसचे सत्ताधीश लुकाशेन्को यांचं खत वाहतंय म्हणून गदारोळ झाला. परराष्ट्रमंत्री लँड्सबर्गिस आणि वाहतूकमंत्र्यांनी राजीनाम्याची तयारी दाखवली. पंतप्रधानांनी ते घेतले नाहीत. अखेर १ फेब्रुवारी २०२२ पासून वाहतूक बंद झाली. त्याच महिन्यात रशियानं युक्रेनवर हल्ला केला, आणि रशिया हाही पोटॅशचा मोठा उत्पादक. त्या वर्षी ऊस, केळी, द्राक्षं पिकवणाऱ्यांना एमओपी या पोटॅश खताच्या गोणीमागे जे जास्तीचे पैसे मोजावे लागले, त्यामागच्या कारणांपैकी एक क्लायपेदाच्या रुळांवर होतं.

दुसरा धागा मुत्सद्देगिरीचा. चीनचं दार बंद झाल्यावर लिथुएनियानं आशिया सोडला नाही, उलट बाकीच्या आशियाकडे जास्त लक्ष वळवलं. ऑस्ट्रेलिया, दक्षिण कोरिया, सिंगापूर इथे वकिलाती उघडल्या, जुलै २०२३ मध्ये हिंद-प्रशांत धोरण जाहीर केलं. बीजिंगहून परत यावं लागलेल्या डायना मिकेविचिएने २०२२ मध्ये राजदूत म्हणून दिल्लीत आल्या. भारतानं त्याच वर्षी व्हिल्नियसमध्ये वकिलात उघडायचा निर्णय घेतला आणि ती २०२३ मध्ये सुरू झाली. दोन्ही देशांचे राजनैतिक संबंध १९९२ पासूनचे. व्हिल्नियसमध्ये निवासी भारतीय राजदूत यायला तीस वर्षं लागली.

आता कुठे अडलंय

२०२४ च्या निवडणुकीत लँड्सबर्गिस यांचा पक्ष हरला. जाता जाता, नोव्हेंबरच्या अखेरीस, त्या सरकारनं चीनच्या व्हिल्नियसमधल्या कार्यालयातल्या तिघांना देशाबाहेर जायला सांगितलं. त्याच महिन्यात लिथुएनिया आणि स्वीडनला जोडणारी समुद्राखालची केबल तुटली होती आणि यी पेंग ३ या चिनी जहाजावर संशय होता. डिसेंबरमध्ये आलेल्या सोशल डेमोक्रॅट सरकारनं मात्र चीनशी पुन्हा राजदूत पातळीचे संबंध हवेत असं स्पष्ट सांगितलं.

ते बोलायला सोपं आहे. चीनला नाव बदललेलं हवंय. लिथुएनियनमध्ये 'तैवानी' ऐवजी दुसरी काही शब्दयोजना करावी की इतर देशांसारखं 'तैपेई' करावं, यावर तिथे अधूनमधून चर्चा होते. पण ते कार्यालय तैवानचं आहे. त्याच्या संमतीशिवाय नाव बदलायला गेलं तर तैवानी गुंतवणूक आणि चार वर्षांत जोडलेला विश्वास दोन्ही जातील. वॉशिंग्टनला काय वाटेल हा प्रश्न आहेच. शिवाय नाव बदललं की बीजिंग पूर्ववत होईल, याची हमी कुणी दिलेली नाही. आणि पूर्ववत म्हणजे परत त्याच १ टक्का निर्यातीवर यायचं. शिमोनिटे सरकारच्या धोरणावर कडक टीका करणाऱ्या पक्षालाही, सत्तेत आल्यावर, ती पाटी उतरवणं जमलेलं नाही.